परक्या सरकारांचा पैसा आणि आपलं ‘योगक्षेम’

ऑक्टोबर २०२५मध्ये एमिरेट्स एनबीडी या दुबईच्या बँकेने आरबीएल बँकेतला ६० टक्के हिस्सा घेणार असल्याचं जाहीर केलं. रक्कम २६,८५३ कोटी रुपये. एमिरेट्स एनबीडीत निम्म्याहून जास्त मालकी दुबई सरकारच्या गुंतवणूक महामंडळाची, आणि आरबीएल म्हणजे आपली जुनी रत्नाकर बँक, १९४३ साली कोल्हापुरात निघालेली, आता मुंबईतून चालणारी. बातमी आली आणि मराठी मंडळींत वाद पेटला. त्याचा दर्जा बघून मात्र हसावं की रडावं कळेना. एका बाजूला ‘कोल्हापूरची बँक शेखांना विकली’ एवढंच. दुसऱ्या बाजूला बीकेसीतली, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँकवाल्यांची, कडक इस्त्रीची भाषा: पैशाला रंग नसतो, भांडवल जिथून येईल तिथून येऊ द्या. पहिल्या पक्षाने हे पाहिलंच नाही की हा पैसा कुणा जुन्या मालकाच्या खिशात जाणारा नव्हता, नवे शेअर काढून तो बँकेच्या भांडवलात यायचा होता. शिवाय आपल्या कायद्याप्रमाणे बँकेतला हिस्सा कितीही मोठा असला तरी एका भागधारकाचं मत २६ टक्क्यांपलीकडे मोजलं जात नाही. दुसऱ्या पक्षाला विचारावंसं वाटतं की पैशाला रंग नसता तर अशा प्रत्येक व्यवहाराला रिझर्व्ह बँकेची आणि केंद्राची परवानगी लागते ती कशासाठी?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सरकारी मालकीचं भांडवल जगाच्या बाजारात असावं की नसावं, हा वाद केव्हाच संपलेला आहे. ते आहे आणि राहणार आहे. एकट्या नॉर्वेच्या सरकारी गुंतवणूक निधीकडे जगभरातल्या शेअर बाजारांचा सुमारे दीड टक्का आहे. अबुधाबी, कुवेत, कतार, सिंगापूर, सौदी, चीन या सगळ्यांचे निधी मिळून तर बाजाराचा एक खांबच झालेला आहे. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पैसे कुठे घालायचे हे ठरवणारा माणूस आणि सत्तेवर बसलेला माणूस यांच्यात अंतर किती, आणि ते अंतर बाहेरच्या माणसाला तपासता येतं का? झेंडा कुठला, हे त्यानंतर बघू. आणि या कसोटीवर मुंबईपुरतं बोलायचं तर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दुबईच्या बँकेची नाही. ती नरीमन पॉइंटच्या ‘योगक्षेम’ या इमारतीत बसणाऱ्या आपल्याच आयुर्विमा महामंडळाची, एलआयसीची वाटते.

परक्या सरकारी भांडवलाच्या विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घेऊ. खासगी गुंतवणूकदार नफ्यासाठी येतो आणि नफा दिसेनासा झाला की जातो. त्याचं मन वाचता येतं. सरकारला मात्र नफ्यापलीकडचे हेतू असतात. सौदी अरेबियाच्या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाचे अध्यक्ष स्वतः युवराज मोहम्मद बिन सलमान आहेत. तिथे निधी आणि सत्ता यांच्यात अंतर नाही, एकच खुर्ची आहे. चीनमध्ये पक्ष, सरकार आणि कंपनी यांच्या सीमा मुद्दामच पुसट ठेवलेल्या आहेत. शांततेच्या काळात निमूट लाभांश घेणारा असा भागधारक संकटात काय करील, याची हमी कोण देणार? ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दूरसंचार, लोकांची खासगी माहिती, संरक्षणाला लागणारे सुटे भाग अशा ठिकाणी परक्या सरकारला ताबा देऊच नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तिथे परक्या खासगी कंपनीलाही तो सहज देऊ नये. म्हणजे नियम मालमत्तेच्या जातीवरून ठरतो, मालकाच्या पासपोर्टवरून नाही.

पासपोर्टवरून ठरवायला गेलं की काय होतं ते आपण याच शहरात पाहिलं आहे. मार्च २०२० संपताना एचडीएफसी या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या भागधारकांच्या यादीत चीनची मध्यवर्ती बँक दिसली, पावणेदोन कोटी शेअर, १.०१ टक्के. करोनाने बाजार कोसळलेला, त्यात ही बातमी, देशभर गहजब झाला. १७ एप्रिलला केंद्राने शेजारी देशांतून येणाऱ्या प्रत्येक थेट गुंतवणुकीला आधी परवानगी सक्तीची केली. कंपनीने सांगितलं की वर्षभरापूर्वीच त्या बँकेकडे ०.८ टक्के शेअर होते. एक टक्का ओलांडल्यामुळे नाव यादीत झळकलं, इतकंच. पण ते ऐकायला कुणाला वेळ होता! त्या वेळी एचडीएफसीचे ७० टक्क्यांच्या आसपास शेअर परदेशी गुंतवणूकदारांकडेच होते, त्याची चर्चा कुणी केली नव्हती. एका टक्क्याने संचालक मंडळावर खुर्ची मिळत नाही आणि कर्ज कुणाला द्यायचं हेही ठरवता येत नाही. घाबरायचंच होतं तर चीनमधल्या पैशावर चालणारी कर्जाची अ‍ॅप त्याच सुमारास गरजू लोकांच्या मोबाइलमधले फोननंबर गोळा करत होती. त्यांना भागधारकांच्या यादीत यावंच लागत नव्हतं.

आता न्हावाशेवाकडे वळू. फेब्रुवारी २००६मध्ये दुबई सरकारच्या, बंदरं चालवणाऱ्या डीपी वर्ल्डने पी अँड ओ ही जुनी ब्रिटिश कंपनी विकत घेतली. तिच्याबरोबर न्यूयॉर्क, बाल्टिमोर, मायामी अशा अमेरिकी बंदरांतली कामंही आली. अमेरिकेच्या संसदेत आकाशपाताळ एक झालं. अध्यक्ष बुश स्वतः व्यवहाराच्या बाजूने असूनही डीपी वर्ल्डला तो धंदा एआयजी या अमेरिकी विमा कंपनीला विकून बाहेर पडावं लागलं. त्याच खरेदीत आपल्या न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं १९९९मध्ये सुरू झालेलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनलही दुबईकडे आलं, आणि इथे पानही हललं नाही. त्याच बंदरात २०१८पासून सिंगापूरच्या पीएसएचं टर्मिनल आहे, आणि पीएसए पूर्णपणे तमासेकच्या, म्हणजे सिंगापूर सरकारच्या निधीच्या मालकीची. देशाच्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एकात दोन परकी सरकारं शेजारी शेजारी क्रेन चालवत आहेत. इतक्या वर्षांत काय बिघडलं? जमीन बंदराची, सीमाशुल्क अधिकारी आपले, पहारा केंद्रीय दलाचा, करार मुदतीचा. धक्का उचलून कुणाला दुबईच्या जेबेल अली बंदरात नेता येत नाही. ज्याने दुसऱ्याच्या देशात काँक्रीट ओतलं तो त्या देशाच्या हातात सापडला, हा यातला साधा हिशेब आहे. नॉर्वेने हा अनुभव रशियात घेतला: फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर तिथून बाहेर पडायचं ठरवलं आणि विकायला गिऱ्हाईकच मिळेना. आणि रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर पाश्चात्त्य देशांनी गोठवले. परदेशात ठेवलेलं सरकारी भांडवल हे जितकं शस्त्र असतं तितकंच ओलीसही असतं.

इथे इतिहास जाणणारे लोक सुएझचं उदाहरण देतात, आणि ते द्यायलाच हवं. १८७५मध्ये इजिप्तच्या खेदिव, म्हणजे राज्यकर्ता, इस्माइलला पैशाची निकड लागली, आणि ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांनी रॉथशिल्डकडून सुमारे ४० लाख पौंड उसने काढून कालव्याच्या कंपनीतला त्याचा ४४ टक्के हिस्सा घेतला. सात वर्षांत ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये उतरली. सरकारी भांडवल आलं की मागून सैन्य येतं, याला दुसरा पुरावा कशाला? पण तारखा नीट लावून बघा. खेदिवने हिस्सा विकला कारण तो कर्जात गळ्यापर्यंत बुडाला होता. पुढच्याच वर्षी त्याने दिवाळं काढलं आणि युरोपीय सावकारांनी त्याच्या महसुलावर आपले अधिकारी बसवले. ते सावकार बहुतांश खासगी होते. कंपनीच्या नियमांमुळे त्या ४४ टक्क्यांना मतंही फारशी नव्हती. इजिप्तचं स्वातंत्र्य गेलं ते कर्जामुळे आणि तोफांमुळे. शेअर हा त्या गोष्टीतला सगळ्यात निरुपद्रवी कागद होता. १९५६मध्ये नासरने कालवा ताब्यात घेतला तेव्हा तो कागद लंडनच्या कामी आला का? तेव्हाही सैन्यच पाठवावं लागलं, आणि तेही अमेरिकेने डोळे वटारल्यावर परत बोलवावं लागलं.

डावीकडून येणारा आक्षेप निराळा आहे आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. वीज, पाणी, बंदर या गोष्टींतून होणारा नफा दोहाला किंवा सिंगापूरला का जावा? कतारच्या निधीने डिसेंबर २०१९मध्ये अदानी इलेक्ट्रिसिटी मुंबईतला २५.१ टक्के हिस्सा सुमारे ३,२०० कोटींना घेण्याचा करार केला. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत पंखा फिरतो तेव्हा त्यातले काही पैसे कतारच्या निधीला मिळतात, हे खरंच आहे. पण त्या युनिटचा दर दोहात ठरत नाही, तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज देणारी बेस्ट १९४७पासून महापालिकेच्या, म्हणजे शब्दशः मुंबईकरांच्या मालकीची आहे. तिथे बसगाड्यांची आणि हिशेबांची जी दैना झाली तिला कुठला शेख कारणीभूत होता? तेव्हा नियामकाला दात हवेत, ही मागणी मला मान्य आहे. मालक आपला असला की दातांची गरज उरत नाही, हे मात्र मान्य नाही.

परक्या सरकारी भांडवलाबद्दलच्या भीतीत आणखी एक गृहीत दडलेलं असतं, ते म्हणजे ही मंडळी फार धूर्त असतात. जरा २००७-०८ आठवा. वॉल स्ट्रीटच्या बँका घरकर्जांच्या राडारोड्यात गाडल्या जात होत्या तेव्हा थैली घेऊन कोण धावलं? अबुधाबीने सिटीग्रुपमध्ये ७.५ अब्ज डॉलर घातले, चीनच्या नव्याकोऱ्या निधीने मॉर्गन स्टॅन्लीत ५ अब्ज, तमासेकने मेरिल लिंचमध्ये ४.४ अब्ज, सिंगापूरच्याच जीआयसीने यूबीएसमध्ये ११ अब्ज स्विस फ्रँक. तेव्हाही ‘आता हे आपल्यावर राज्य करणार’ अशी हाकाटी झाली. राज्य राहिलं बाजूला, तमासेक २००९मध्ये मोठा तोटा सोसून बाहेर पडली आणि अबुधाबीला आपली फसवणूक झाली म्हणून सिटीविरुद्ध लवादाकडे जावं लागलं. २०२२च्या अखेरीस सौदी नॅशनल बँकेने क्रेडिट स्विस या स्विस बँकेचा जवळजवळ दहावा हिस्सा घेतला. या सौदी बँकेचा सर्वांत मोठा भागधारक सौदीचा सरकारी निधीच. मार्च २०२३मध्ये सौदी बँकेच्या अध्यक्षांना आणखी पैसे घालणार का असं विचारलं, त्यांनी साफ नाही म्हटलं, आणि चार दिवसांत क्रेडिट स्विस यूबीएसच्या पदरात पडली. सौदीचे बहुतेक पैसे बुडाले. लिबियाच्या निधीने गोल्डमन सॅक्सकडून घेतलेल्या गुंतागुंतीच्या सौद्यांत अब्जाहून अधिक डॉलर घालवले आणि लंडनच्या न्यायालयातही हार खाल्ली. बाजारात सगळे विकत सुटतात तेव्हा शेवटचा घेणारा म्हणून उभं राहावं लागतं ते बहुतेकदा सरकारलाच, आणि लोकांच्या पैशातून.

दुसऱ्या पक्षाचा, म्हणजे ‘सरकारने धंद्यात पडूच नये’ म्हणणाऱ्यांचा समाचार थोडक्यात घेतला तरी चालेल, कारण ते तत्त्व पाळणारा देश आता शोधूनही सापडत नाही. १९८७मध्ये थॅचरबाईंनी बीपी या तेल कंपनीतला सरकारचा उरलेला हिस्सा खासगीकरणाच्या नावाने बाजारात काढला, नेमका बाजार कोसळला, आणि तो उचलला कुणी? कुवेत सरकारने, २१ टक्क्यांच्या वर. मग खासगी भांडवलाच्या त्याच पुरस्कर्त्या सरकारने कुवेतला ९.९ टक्क्यांवर यायला लावलं. हाँगकाँग म्हणजे मुक्त बाजाराचं माहेरघर. तिथल्या सरकारने ऑगस्ट १९९८मध्ये सट्टेबाजांना हटवण्यासाठी ११८ अब्ज हाँगकाँग डॉलरचे शेअर विकत घेतले, आणि नंतर ते सामान्य लोकांना विकून नफाही कमावला. अमेरिकेने २००८मध्ये एआयजीचा जवळपास ८० टक्के ताबा घेतला होता, आणि ऑगस्ट २०२५मध्ये इंटेलचा सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. आपलं तर विचारूच नका. मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेकडे ६०० अब्ज डॉलरच्या वर परकीय गंगाजळी आहे आणि तिचा मोठा भाग परदेशी सरकारांच्या रोख्यांत आहे. १९९१च्या जुलैत याच बँकेचं सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून विमानाने परदेशी गेलं होतं. आज ती वॉशिंग्टनच्या धनकोंपैकी एक आहे. २०२४-२५ या वर्षासाठी तिने केंद्राला २,६८,५९० कोटी रुपये शिल्लक म्हणून दिले. जागतिक बाजारातलं सरकारी भांडवल म्हणजे दूरच्या वाळवंटातली गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी फोर्टमधून एक चक्कर मारावी.

(जाता जाता: ‘एवढी गंगाजळी आहे तर आपणही नॉर्वेसारखा निधी काढू’ असा एक उत्साही सूर मधूनमधून ऐकू येतो. नॉर्वेचा निधी तेलाच्या कमाईतून साठलेला आहे. आपल्या गंगाजळीत बाहेरून आलेल्या, आणि उद्या परत मागितल्या जाऊ शकणाऱ्या भांडवलाचा वाटा मोठा आहे, आणि आपल्या चालू खात्यात बहुतेक वर्षी तूटच असते. उधारीच्या पैशावर वारसदारांसाठी निधी काढत नाहीत.)

नॉर्वेचा विषय निघालाच आहे तर अंतर म्हणजे काय ते तिथे नीट दिसतं. तो निधी कायद्याने नॉर्वेत गुंतवताच येत नाही. ही अट मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची वाटते. ओस्लोतल्या कुठल्याही मंत्र्याला आपल्या मतदारसंघातला बुडता कारखाना त्या पैशाने वाचवता येत नाही, मित्राच्या कंपनीचा भाव सावरता येत नाही. कुठल्या कंपनीचे किती शेअर आहेत याची पूर्ण यादी जाहीर होते. कंपनीच्या सभेत मत कसं देणार हे सभेच्या आधी पाच दिवस जाहीर होतं. एखादी कंपनी वगळली तर कारण छापून. मे २०२४मध्ये अदानी पोर्ट्सला वगळलं तेव्हाही म्यानमारच्या लष्कराशी आलेल्या संबंधांचं कारण लेखी दिलं. ते कारण पटो न पटो, वाद घालायला हातात कागद तरी असतो. याच्या उलट टोकाला कुवेत. तिथल्या १९८२च्या कायद्याप्रमाणे निधीची माहिती बाहेर फोडणं हा गुन्हा आहे. हिशेब संसदेपुढे बंद दाराआड मांडायचा, आणि मे २०२४मध्ये अमीरांनी ती संसदच बरखास्त केली. दोन्ही ‘सरकारी भांडवल’. पण त्यांच्यात जेवढा फरक आहे तेवढा नॉर्वेचा निधी आणि एखादा चांगला खासगी पेन्शन फंड यांच्यातही नाही. दोघांना एकाच खात्यात टाकून बाजूने किंवा विरुद्ध घोषणा देणं हा आळस आहे.

आणि तोच आळस आपल्या नियमांतही उतरलेला आहे. २०२०च्या अर्थसंकल्पाने परदेशी सार्वभौम, म्हणजे सरकारी मालकीच्या, निधींना पायाभूत क्षेत्रातल्या गुंतवणुकीवरचं व्याज, लाभांश आणि दीर्घकालीन नफा करमुक्त केला. ती सवलत आता २०३०पर्यंत वाढली आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने ऑगस्ट २०२३मध्ये मोठ्या परदेशी गुंतवणूकदारांना शेवटच्या मालकापर्यंतचा तपशील द्यायला सांगितलं तेव्हा सरकारी निधींना त्यातून वगळलं. कारण काय, तर त्यांचा मालक माहीतच आहे, तो देश. उत्तर ऐकायला तर्कशुद्ध आहे. पण मालक कोण हे कळल्याने निर्णय कोण घेतं ते कळतं का? मलेशियाच्या वनएमडीबी या सरकारी निधीचा मालक सगळ्यांना माहीत होता. तरी अमेरिकेच्या न्याय खात्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यातून साडेचार अब्ज डॉलर गायब झाले, आणि त्या प्रकरणाशी जोडलेल्या खटल्यात माजी पंतप्रधान नजीब रझाक २०२२मध्ये तुरुंगात गेले.

आता घरच्या गोष्टीकडे. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय इथे इतका मुरलेला आहे की एलआयसीचं नाव काढलं तरी लोक दुखावतात. जानेवारी १९५६मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण केलं. खासगी विमा कंपन्यांनी लोकांचे पैसे कसे उधळले होते ते बघता तो निर्णय योग्यच होता. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडलं, ते मराठी माणूस विसरलेला नाही. त्यानंतर वर्षभरातच काय घडलं ते मात्र विसरला. जून १९५७मध्ये एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले, गुंतवणूक समितीला बाजूला ठेवून. फिरोज गांधींनी, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराने आणि पंतप्रधानांच्या जावयाने, ते लोकसभेत मांडलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी याच शहरात उघड सुनावणी घेतली, आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी घरी गेले. संस्था दीड वर्षाचीही नव्हती, तोवर तिची तिजोरी कुणाच्या तरी सोयीसाठी उघडली गेली होती.

ही एलआयसीचीच खोड आहे असंही नाही. १८४०मध्ये निघालेल्या बँक ऑफ बॉम्बेत सरकारचे शेअर होते आणि सरकारने नेमलेले संचालक होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा आला, बॅकबे भरणीच्या शेअरांचं वेड लागलं, आणि ही बँक शेअरांच्या तारणावर कर्जं वाटत सुटली. १८६५मध्ये फुगा फुटला आणि १८६८मध्ये तिला टाळं लागलं, भांडवल जवळपास सगळं गेलं. सरकारचं नाव होतं म्हणून लोकांनी विश्वास ठेवला, आणि सरकारचे संचालक झोपले होते. पुढे जुलै २००१मध्ये युनिट ट्रस्टने यूएस-६४ या योजनेतून पैसे काढणं बंद केलं तेव्हा गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गाला हाच धक्का बसला. सरकारी म्हणजे सुरक्षित, ही आपली समजूत इतकी जुनी आणि इतकी महागडी आहे.

एलआयसीच्या बाजूनेही बोललंच पाहिजे. तिच्या पॉलिसींना कायद्याच्या ३७व्या कलमाखाली केंद्राची हमी आहे. परदेशी गुंतवणूकदार पळत सुटतात तेव्हा ती अनेकदा घेणारी असते, आणि त्या पडत्या भावातल्या खरेदीवर तिने भरपूर कमावलं आहे. युनिट ट्रस्टच्या मोडतोडीतून सरकारकडे आलेले अ‍ॅक्सिस बँक, आयटीसी, एल अँड टीचे शेअरही नंतर सोन्याच्या भावाने विकले गेले. म्हणजे सरकारी हातातलं भांडवल मूर्खच असतं असं नाही. माझा आक्षेप परताव्यावर नाही, खरेदीच्या कारणावर आहे. मार्च २०१२मध्ये सरकारने ओएनजीसीचा पाच टक्के हिस्सा लिलावात काढला, बाजाराने पाठ फिरवली, आणि बहुतेक सगळा माल एलआयसीने उचलला. जानेवारी २०१९मध्ये थकीत कर्जांनी वाकलेल्या आयडीबीआय बँकेचा ५१ टक्के हिस्सा तिच्या गळ्यात आला. हे निर्णय पॉलिसीधारकांसाठी होते की त्या वर्षीची निर्गुंतवणुकीची, म्हणजे सरकारी हिस्सेविक्रीची, आकडेवारी भरून काढण्यासाठी? उत्तर माहीत नाही असं नाही. उत्तर तपासता येत नाही, ही अडचण आहे. जानेवारी २०२३मध्ये अदानी समूहाच्या शेअरांवरून आरडाओरडा झाला तेव्हा एलआयसीने खरेदीची किंमत ३०,१२७ कोटी असल्याचा खुलासा केला. त्या दिवशी त्या शेअरांवर तिला नफाच होता. मग तो खुलासा गोंगाट होईपर्यंत का थांबला?

मे २०२२मध्ये एलआयसीचे साडेतीन टक्के शेअर सुमारे २१,००० कोटींना विक्रीला निघाले. अँकर, म्हणजे विक्री सर्वांना खुली होण्याआधी शेअर घेणाऱ्या, गुंतवणूकदारांत सिंगापूर सरकार होतं आणि नॉर्वेचा निधीही. एका सरकारच्या संस्थेचे शेअर दुसऱ्या दोन सरकारांनी घेतले, दलाल स्ट्रीटवर. ओस्लोतल्या शिक्षकाला आपल्या निधीकडे एलआयसीचे किती शेअर आहेत ते घरबसल्या कळतं. साताऱ्यातल्या पॉलिसीधारकाला आपल्या हप्त्यांतून ओएनजीसी का घेतली ते मात्र कळत नाही. विमा नियामकाच्या नियमामुळे एलआयसीने सभांमध्ये कसं मत दिलं ते आता तिमाहीनंतर बाहेर येतं, हे मान्य. पण सरकार विकतं आणि सरकारचीच संस्था घेते, हा दोन परक्यांमधला व्यवहार नव्हे. खासगी कंपनीच्या प्रवर्तकाने असं केलं तर सेबी त्याला संबंधित पक्षांमधला व्यवहार म्हणते आणि इतर भागधारकांची मंजुरी मागते.

तोच नियम इथे लावायला काय हरकत आहे? केंद्राच्या निर्गुंतवणुकीत एलआयसीने घ्यायच्या हिश्शावर मर्यादा घालावी. तिच्यापलीकडे जायचं असेल तर स्वतंत्र संचालकांचा लेखी ठराव व्हावा आणि तो विक्रीनंतर ठरावीक दिवसांत जाहीर व्हावा. यावर ठरलेलं उत्तर येतं की असं उघड केलं तर बाजाराला एलआयसीची चाल कळेल. खरेदी झाल्यानंतर कारण छापल्याने कुठली चाल कळते? नॉर्वेचा निधी याहून किती तरी मोठा आहे, तो सगळं छापतो आणि तरी कमावतो. आणि हे घरात केल्यावर बाहेरच्यांकडे मागायलाही तोंड राहील. सार्वभौम निधींची करसवलत मार्च २०३०मध्ये संपते. ती पुन्हा वाढवून मागितली जाणार हे नक्की. त्या वेळी अबुधाबी असो, कुवेत असो की कतार, करमुक्त नफ्याच्या बदल्यात भारतातल्या मालमत्तांची पूर्ण यादी आणि निर्णय कोण घेतं त्यांची नावं दरवर्षी जाहीर करण्याची अट घालता येईल. ज्याला ती जड वाटेल त्याने इतरांसारखा कर भरून गुंतवणूक करावी.